हिरव्या लेबलावरची सही

४ फेब्रुवारी

आलं! औषध परिषदेचं पत्र आलं. एक एप्रिलपासून प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं औषधाच्या काउंटरवर उभं राहायचं नाही. गोळ्या मोजायच्या नाहीत, पाकीट भरायचं नाही, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं तर नावच नको. फळ्या पुसा, खोकी फोडा, एवढंच. बावीस वर्षं त्या काउंटरमागे काढली मी! डॉक्टरांचे कोंबडीचे पाय मी वाचते, अख्खा रस्ता मला विचारून गोळी घेतो, आणि आता म्हणे फळ्या पुसा.

परीक्षा दहा मार्चला. कायद्याचा एकच पेपर, शंभर मार्कांचा. पंचाहत्तरला पास.

पत्र वाचून मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मॅडम म्हणजे दुकानाच्या फार्मासिस्ट, म्हणजे माझी धाकटी लेक. दुकानात मी तिला अहोजाहो करते, घरी ती चिमणी. दोन वर्षांपूर्वी जुने साहेब निवृत्त झाले आणि मालकांनी तिला घेतलं. मी शब्द टाकला नव्हता. (टाकला होता. थोडासा.)

"जमेल का गं तुला?" आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच विचारलं तिनं.

जमेल का म्हणे! हिला पाढे कोणी शिकवले?

५ फेब्रुवारी

पुस्तक आणलं. तीनशे बारा पानं. ह्यांनी हातात तोलून बघितलं नि म्हणाले, "उशी म्हणून बरंय." बघाच आता.

९ फेब्रुवारी

तीन धडे फस्त. भांडी घासताना चिमणी प्रश्न विचारते, मी उत्तरं देते. जावई बाहेरगावी नोकरीला, म्हणून ती आणि नात आमच्याकडेच असतात, ते या कामी बरं झालं.

"मुदत संपलेलं औषध कुठे ठेवायचं?"

"वेगळ्या कपाटात. कुलपात. वर 'विक्रीसाठी नाही' अशी पाटी."

"किल्ली कोणाकडे?"

"तुमच्याकडे, मॅडम."

हसली. मग म्हणाली, "आई, तू माझ्यापेक्षा बरी विद्यार्थिनी आहेस." हे मी लिहून ठेवतेय, कारण पुन्हा म्हणेल असं नाही.

१२ फेब्रुवारी

पाचवा धडा: फार्मासिस्ट जागेवर नसताना काय करायचं. ह्या बाबतीत आमचं दुकान एकदम चोख!

नियम असा की प्रत्येक पाकीट फार्मासिस्टनं स्वतः तपासायचं, त्यावरच्या हिरव्या लेबलावर सही करायची आणि मगच ते द्यायचं. दुपारी एक ते पावणेदोन मॅडम नातीला शाळेतून आणायला जातात. म्हणजे पाऊण तास सगळं ठप्प. आधी लोक पार चपलांच्या दुकानापर्यंत रांग लावायचे आणि तोंडाला येईल ते बोलायचे. दीड वर्षापूर्वी मी युक्ती काढली. निघण्याआधी मॅडमनी वीस कोऱ्या लेबलांवर सह्या करून ठेवायच्या. मी पाकिटं भरते, लेबल चिकटवते, रांग नाही की बोलणी नाहीत. मॅडम आधी का-कू करत होत्या. म्हटलं, अगं, इतक्या वर्षांत माझं एक तरी पाकीट चुकलंय का?

नाही चुकलं. एकही नाही.

१५ फेब्रुवारी

समोरची शिलाईवाली आली. तिच्या सुनेचं पाकीट काउंटरवर होतं, त्यावर हिचा डोळा. "कसल्या गोळ्या घेते गं ती? घरातलीच आहे, मला कळायला नको?"

नको! चौथा धडा. ज्याचं औषध त्याचीच माहिती. सासू असो, नवरा असो, कोणी असो. मी सगळं कलम म्हणून दाखवलं. ती फुरंगटून गेली, जाताना म्हणाली, "तुझा ब्लाउज पुन्हा घेणार नाही शिवायला." नाही तर नाही. कायदा तो कायदा.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, ते दुधाचं पातेलं बाहेर किती वेळ आहे, नोंद कुठाय? हे गॅलरीत जाऊन बसले.

१८ फेब्रुवारी

सराव पेपर. नव्वद!

२२ फेब्रुवारी

वाईट दिवस.

चार दुकानं सोडून घड्याळवाले काका बसतात. सकाळी स्टुलावरून उठताना त्यांचा तोल गेला आणि कपाळ काउंटरवर आपटलं. तीन दिवस चक्कर येत होती म्हणे, बोलले कोणाला नाहीत. त्यांचा मुलगा गोळ्यांचं पाकीट घेऊन तावातावानं आला. मॅडमनी उघडलं. रक्तदाबाची गोळी लिहिली होती पाचची. आत होती दहाची.

पाकिटावर अक्षर माझं. हिरव्या लेबलावर सही मॅडमची. एकोणीस तारीख, दुपारी एक वीस.

दोन्ही खोकी निळी, एकाच फळीवर, एकमेकांना चिकटून. सांगायला एवढंच आहे माझ्याकडे आणि ते काही कारण नव्हे.

मॅडम लगेच उठल्या. डॉक्टरांना फोन केला, गोळ्या बदलल्या, स्वतः काकांकडे जाऊन रक्तदाब मोजून आल्या, हात जोडून माफी मागितली. काकांना एक टाका पडलाय. ते उलट हिलाच म्हणाले, "असू दे पोरी, घड्याळंसुद्धा पुढे जातात कधीकधी." मला ते ऐकवेना.

दुकानात परत येऊन तिनं सही केलेली उरलेली लेबलं फाडली आणि टोपलीत टाकली. "आई, तू अभ्यासाचं बघ. हे मी बघते."

२३ फेब्रुवारी

निळी खोकी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवली. एकाला लाल दोरा बांधला. हे बावीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी

मॅडम सकाळी दीड तास उशिरा आल्या. दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते म्हणाल्या. तोवर दुकान बंदच! आणि दुपारी एकला पाटी लागली, 'फार्मासिस्ट बाहेर आहेत, पावणेदोनला या.' रांग पुन्हा चपलांच्या दुकानापर्यंत. लोकांनी मला काय काय ऐकवलं! मी आपली फळ्या पुसत होते.

२ मार्च

सहावा धडा. दोनदा वाचला, पुन्हा एकदा वाचला.

तपासणीआधी लेबलावर सही करणं हाच गुन्हा. पाकीट बरोबर असो की चूक. करणाराही दोषी, करायला लावणाराही दोषी. चुकीचं औषध गेलं तर कळल्यापासून तीस दिवसांत परिषदेला लेखी कळवायचं. म्हणजे चोवीस मार्चपर्यंत.

आणि एक गोष्ट. ज्याची चौकशी चालू आहे त्याला परीक्षेला बसता येत नाही.

लाज वाटली. आम्ही एकदम चोख, असं मागेच लिहून ठेवलंय मी! पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

चिमणीला विचारलं, "असं झालं की कळवायचं असतं ना गं?" ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तो धडा तुझ्या परीक्षेला आहे, माझ्या नाही." मान वर केली नाही. ही लपवतेय. माझी लेक लपवतेय!

३ मार्च

खरं तर मी तरी काय करतेय? आज कळवलं तर दहाला बसता येणार नाही. म्हणून आज कळवत नाहीये. हाच विचार केला मी, दुसरा कुठला नाही.

१० मार्च

झाला पेपर. सोपा! शेजारचा दाढीवाला पेन चावत होता, मी अर्धा तास आधी उठले.

प्रश्न एकेचाळीस: सहकाऱ्याच्या चुकीमुळे रुग्णाला अपाय झाल्याचे आपल्याला समजले. आपण काय कराल?

भराभर लिहिलं. रुग्णाला सांगेन, डॉक्टरांना सांगेन, परिषदेला तीस दिवसांत लेखी कळवेन, कोणालाही पाठीशी घालणार नाही. पाचपैकी पाच. लिहिताना हात जराही थांबला नाही, याचाच नंतर राग आला.

१८ मार्च

सत्त्याण्णव!!

मालकांनी प्रमाणपत्राला काच लावून आणली. मॅडमच्या प्रमाणपत्राशेजारी खिळा ठोकला, माझं टांगलं. ह्यांनी फोटो काढला, त्यात माझं डोकं अर्धंच आलंय. नात म्हणाली, "आजी, आता तू पण मॅडम?" शिलाईवालीसुद्धा येऊन बघून गेली. ब्लाउज शिवणार आहे.

घड्याळवाले काका आले, कपाळावर बारीक खूण. "तुमच्या हातचं औषध म्हणजे भरवसा," म्हणाले. बिचारे. पाकीट कोणी भरलं होतं ते कोणी त्यांना सांगितलेलंच नाही.

२० मार्च

पत्र लिहिलं. साधं, एक पान. पाकीट मी भरलं. कोऱ्या लेबलांवर सह्या घ्यायची कल्पना माझी, लेकीचा पहिल्यापासून विरोध होता. परीक्षेसाठी मी महिनाभर गप्प बसले.

तिला दाखवणार नाही. ती लपवते तर लपवू दे. मी तिची आई आहे, तिला खरं वागायला मी शिकवलं होतं, निदान मला तरी तसं वागता यायला हवं. सोमवारी तेवीसला स्वतः नेऊन देणार.

२३ मार्च

परिषदेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. कारकून तरुण, सर्दीनं बेजार. माझं पत्र त्यानं अर्धं वाचलं, थांबला, कपाटातून एक फाइल काढली.

"ह्या दुकानाचं हे प्रकरण आधीच आलंय. चोवीस फेब्रुवारीला."

चोवीस फेब्रुवारी. दाताचे डॉक्टर!

चिमणीचं अक्षर ओळखलं मी. तिनं लिहिलं होतं: पाकीट मीच भरलं, सही तपासणीआधी मीच केली, कल्पनाही माझीच, काउंटरवर त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. खाली सही. सुनावणी चार एप्रिलला.

"इथं लिहिलंय, दुसरं कोणी नव्हतं," कारकून नाक पुसत म्हणाला. "मग तुम्ही कोण?"

(त्यानं ती फाइल मला दाखवायलाच नको होती. चौथा धडा. पण तेव्हा बोलले नाही.)

माझं पत्र परत मागून घेतलं. म्हटलं, एक पान राहिलंय जोडायचं. कारण सहाव्या धड्यात शेवटी बारीक अक्षरात आहे. परिषदेला खोटं लिहून दिलं तर फार्मासिस्टच्या यादीतून नाव कायमचं कमी. माझं पत्र आज तिथं राहिलं असतं तर माझ्या खरेपणानं माझ्याच लेकीचं जन्माचं नुकसान झालं असतं! मात्र त्याच्या खालीच आणखी दोन ओळी आहेत. सुनावणीआधी स्वतः येऊन दुरुस्ती दिली तर नुसती समज देऊन सोडता येतं.

घरी आले. ती नातीची वेणी घालत होती. म्हटलं, "मॅडम, तुमचा सहावा धडा कच्चा आहे."

घरात चेष्टा सोडून तिला मॅडम पहिल्यांदाच म्हटलं. तिला लगेच कळलं. वेणी हातातून सुटली.

"चौकशीत तुझं नाव आलं असतं तर तुला बसू दिलं नसतं, आई. मग फळ्याच पुसायच्या होत्या ना जन्मभर."

खूप रागावले तिच्यावर. नात घाबरली. मग मीच रडले, ओट्याला टेकून, मोठ्यानं. लपवतेय म्हणून महिनाभर मनात काय काय बोलले मी हिला! तिनं जन्मात एकच खोटं लिहिलं आणि ते माझ्यासाठी.

उद्या दहाला दोघी.

२४ मार्च

गेलो. आधी तिची दुरुस्ती, मागोमाग माझं पत्र. तिला बहुतेक समज मिळेल. माझं प्रमाणपत्र आजच जमा, पुन्हा परीक्षेला बसायचं तर एक वर्षानं. हे कारकुनाला मीच सांगितलं, पानाच्या आकड्यासकट.

भिंतीवरून माझं मीच काढलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मॅडमनी विचारलं, "आई, खिळा काढू का गं?"

म्हटलं, राहू दे.