शेजारणीचं नाव

१२ जानेवारी, सोमवार. नांदेड
बी.ए.च्या वर्गात गुलामांचा व्यापार शिकवला. आफ्रिकेतून अटलांटिकपार जहाजात कोंबून नेलेली माणसं — सव्वा कोटीच्या आसपास. फळ्यावर आकडा लिहिला. पोरांनी उतरवून घेतला. अश्वजित म्हणाला, "मॅडम, हे किती मार्काला येतं?" कपाळ माझं!
चिडले. मग वाटलं, माझा तरी आवाज कुठं हलला? इतकी वर्षं तोच आकडा सांगून राहिले, भाजीचा भाव सांगावा तसा.

१३ जानेवारी
ठरलं. उत्तर लिहायचं नाही, कविता लिहायची. जहाजाच्या तळाशी साखळीत बांधलेलं एकच माणूस. एकच! लई कुरकुर झाली. "आम्ही इतिहासवाले, मॅडम!" असू द्या म्हटलं.

१७ जानेवारी, शनिवार. लातूर
आईकडे आले. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ती बोलत नाही. हात सुधारला, जेवते, पण कुणाच्या हाकेला ओ नाही. डॉक्टर म्हणाले, "आई-आई करू नका. नावानं हाक मारून बघा." माझ्या भावाला, संगमेशला लाज! आईला नावानं कसं बोलवायचं? शेवटी कानाशी ओरडला, "कलावतीबाई!" — कचेरीतला शिपाई पुकारतो तसा. मला हसू फुटलं. आईनं मानसुद्धा वळवली नाही. मग हसू गेलं.
तिची वेणी घातली. केस किती मऊ झालेत! एकदा तरी ओ दे गं बाई. बाकी काही नको मला.

१९ जानेवारी, सोमवार. नांदेड
आज शिवांगीनं कविता वाचली. उमरीहून बसनं येते, मागच्या बाकावर बसते, तोंड म्हणून उघडत नाही. उभी राहिली, कागद दोन्ही हातांत धरून —

माझ्या शेजारणीची भाषा मला येत नाही.
ती रोज मला तिचं नाव म्हणायला लावते.
बरोबर म्हटलं की गप होते, झोपते.

अश्वजितनंच विचारलं, "मॅडम, तिकडं उतरल्यावर मालकानं दुसरंच नाव ठेवलं असंल ना?" हो म्हटलं. "मग तिचं खरं नाव कोणाला ठाऊक? जिला म्हणायला लावलं, तिलाच?"
डोळे भरले, पोरांसमोर. भरू देत! सव्वा कोटी म्हणजे सव्वा कोटी नावं — हे आज कळलं मला. आणि शिकवते मी!
येताना ऑटोत एकदम लक्षात आलं. कलावती हे आईचं लग्नातलं नाव. ताटातल्या तांदळावर बाबांनी अंगठीनं लिहिलेलं. त्याआधी ती कोण होती? मला माहीतच नाही!
तुलना नाही करायची. त्या बायांना विकलं, मारलं. माझ्या आईला वाजतगाजत आणलं. तरी पण.

२० जानेवारी
संगमेशला फोन केला. "कलावतीच की. अजून काय?" घ्या! मग निलंग्याकडच्या गौरम्मा मावशीला केला. मावशी आईला जन्मभर अक्काच म्हणते, म्हणून कधी कानावर पडलं नाही. खुदकन हसली. "अगं, गुरम्मा की ती! तुझी आज्जी बी गुरम्माच. सासूचं नाव सुनेला कसं चालंल? हाक मारायची पंचाईत! म्हणून बदललं. आन माहेरचं कानडी बी सुटलं तिचं. लातुरात कोन बोलनार तिच्याशी?"
हसता हसता रडायला लागली मावशी. "माझ्या अक्काला कोनी गुरम्मा म्हणालं न्हाई गं पुन्हा." दोघी रडलो. फोन ठेवायला जमेना.

२१ जानेवारी
गुरम्मा. गुरम्मा. म्हणून बघून राहिले. आज्जीचा धाक असा, की जीभच वळेना!

२४ जानेवारी, शनिवार. लातूर
सकाळी तिच्या गादीवर बसले. हात हातात घेतला. हळूच म्हटलं, "गुरम्मा."
"ओ!"
ओ दिली! माझ्या तोंडावरून हात फिरवला, परकरी पोरीसारखी हसली. मग कानडीत विचारलं, "नी यार मगळु?"
एवढं कानडी मलाही कळतं. कोणाची लेक तू?