शिकाऊ हाताचा फोटो

नाशिक, मंगळवार, संध्याकाळ. १९३६

राग अजून जात नाही.

यजमान गेल्यापासून स्टुडिओ मीच चालवते आणि जमीलाला शिकवते. परवा तिने पहिल्यांदाच एकटीने फोटो काढला, कापडवाल्या शेठजींच्या आईचा. म्हातारी कॅमेऱ्यासमोर चक्क हसली! असं हसवणं मलाही जमलेलं नाही.

आज शेठजी फोटो न्यायला आले. बघताच डोळे भरून आले त्यांचे. "आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. बाई, कमाल केलीत."

"कमाल माझी नाही, जमीलाची," मी म्हटलं.

झालं! फोटो टेबलावर टाकला. "शिकाऊ हाताचा नको. तुम्ही परत काढा."

आईचं हसू तेच ना? मग क्षणात बिघडलं काय?

"मी काढणार नाही," मी ओरडलेच. ते तरातरा निघून गेले. मी कितीतरी वेळ त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

जमीला शेवटी म्हणाली, "बाई, माझं काय चुकलं ते सांगा ना. पुढच्या वेळी सुधारीन."

काही चुकलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं. तिला पटलेलं दिसत नाही.