धूर दिसतोय तोवर

१२ ऑक्टोबर

आले एकदाची. ट्रकवाल्याने सामान फाटकाशी उतरवलं, घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत न्यायला कधी येऊ म्हणून विचारलं. मी म्हटलं, बघू वसंतात. त्याने टोपी काढली. मयताला काढतात तशी.

शुल्गिनो गावात घरं भरपूर आहेत आणि माणसं तीन, मला धरून. शहरात राहण्यासारखं तसंही काही उरलं नव्हतं. वर्तमानपत्रात दर शनिवारी मी लोकांची साल काढायचे. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा लक्षात आलं, की ज्याची साल मी काढलेली नाही असं, चहाला जाण्यासारखं, एकही घर आपल्याला राहिलेलं नाही. मुलगा मुर्मान्स्कला बंदरावर असतो. त्याच्या लग्नावरही मी एकदा लिहिलं होतं. लेख उत्तम झाला होता.

पण घर! घर म्हणजे काय, एक विटांची भट्टी आहे, आणि तिला थंडी वाजू नये म्हणून भोवती ओंडक्यांच्या भिंती उभ्या केल्यात. चुन्याने पांढरी केलेली, अर्धी खोली अडवून बसलेली, वर झोपायला ऐसपैस ओटा. असं भारदस्त काही मी संपादकांच्या खुर्चीतसुद्धा बघितलं नव्हतं. घर क्लावदिया नावाच्या म्हातारीचं. ती वारली, पुतण्याने मला विकलं. कशाने वारली म्हणून विचारलं, तर म्हणाला, वयाने.

दुपारी घळीपलीकडे राहणारा कुझ्माकाका आला. मी भूर्जाचं सरपण रचत होते. थोडा वेळ बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, की पोरी, हे सरपण रचलंयस की लढाईत पडलेले मोजायला ठेवलेत? सगळी रास पाडून त्याने नव्याने रचली. साल वर, पोट खाली. लाकडालाही पाठीवर पाऊस घ्यायची सवय असते म्हणाला, पोट भिजलं की ते रुसतं.

त्याच्यामागोमाग त्याची विधवा वहिनी, फाइनामावशी, मासे भरलेली पोळी घेऊन आली. मी लिहिते हे कळल्यावर तिने माझं रिम्मा हे नाव तिथल्या तिथे रद्द केलं. आता मी पेपरबाई. तिने गावचा एकुलता एक कायदा सांगितला: सकाळी उठल्याबरोबर भट्टी पेटवायची. इथे टेलिफोन नाही, धुराडं आहे. धूर दिसला की माणूस आहे. ऊन वर आलं आणि धूर नाही, तर ती आणि कुझ्मा कुऱ्हाड घेऊन येणार आणि दार फोडणार. मी म्हटलं, मावशी, नुसती डोकेदुखी असली तर? ती म्हणाली, मग डोकं दुखेल आणि दारही जाईल.

मी खूप हसले. कुणी पाळत ठेवतंय म्हणून इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर

भट्टीने आठवडाभर माझी शाळा घेतली. पहिल्याच दिवशी धुराड्याची झडप उघडायची विसरले आणि सगळा धूर घरात. मी अंगणात खोकत, डोळे पुसत. कुंपणावर रेलून कुझ्माकाका म्हणाला, की सगळा जिल्हा पेटवलास म्हणे, आणि एक भट्टी पेटेना?

आता जमतं. आधी भूर्जाची साल, वर ढलप्या, मग ओंडके. जळून निखारे झाले की झडप लावायची, म्हणजे ऊब विटांत राहते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पुरते. पण निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असेल तोवर लावायची नाही. मावशीच्या धाकट्या बहिणीने ऊब वाया जाईल म्हणून घाईने लावली होती. ऊब वाचली, मावशी म्हणाली, ती गेली.

सकाळी अंगणात जाऊन बघते. घळीपलीकडे मावशीचा धूर, त्याच्या बाजूला काकाचा, जरा काळा, कारण तो ओलं लाकूड जाळतो आणि कुणाचं ऐकत नाही. इकडे माझा. वारा नसला की तिन्ही सरळ वर जातात. कुणी काही बोलत नाही. तरी भेट झाल्यासारखी वाटते.

३ नोव्हेंबर

काल काकाने घरी गाळलेली दारू पाजली आणि आज मी दुपारीच जागी झाले. भट्टी न पेटवलेली. डोक्यात घण. पण पहिला विचार आला तो दाराचा. दार शाबूत होतं.

खोटं कशाला लिहू, लागलं मनाला. कायदा एवढा मोठा, आणि पहिल्याच गुन्ह्याला पोलीस बेपत्ता. तशीच बर्फ तुडवत घळ ओलांडून मावशीकडे गेले आणि तिला म्हटलं, की मी मेले असते तर? ती कोबी चिरत होती. म्हणाली, धूर सोडत सोडत कशी मेली असतीस? आज तर माझ्याही आधी होता तुझा. चांगला पांढरा, भरघोस. मी कुझ्माला म्हटलंसुद्धा, की पेपरबाई आता आपल्यातली झाली.

मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. असणार.

९ नोव्हेंबर

मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही. घळीच्या या काठावर बसलेला कावळा तिने मला तिच्या खिडकीतून दाखवला, आणि तो कुठल्या पायाने लंगडतो तेही सांगितलं.

म्हणून आज मी मुद्दाम भट्टी पेटवली नाही. आत फक्त कालची राख, झडप लावलेली. कोट चढवून अंगणात गेले आणि मागे वळून वर पाहिलं.

धूर होता. पांढरा, सरळ, घाई नसलेला.

शिडी लावली. या वयात आणि या बुटांत. धुराड्यापर्यंत पोचले आणि विटांवर हात ठेवला. गार. त्याच्या तोंडावर रात्री पडलेला बर्फ तसाच होता, कडेने थेंबभरसुद्धा वितळला नव्हता. आणि त्या बर्फातून धूर वर येत होता. धुरात हात धरला. ऊब नाही, वास नाही. ओलसर काहीतरी हाताला लागलं आणि वर निघून गेलं.

खाली उतरले आणि भट्टी पेटवली. मोठी.

१४ नोव्हेंबर

क्लावदियाचं विचारलं. कुझ्माकाकाने आधी पाइप पेटवला, मग विझवला, मग परत पेटवला.

एका बकरीवरून तिचं आणि मावशीचं वाजलं होतं. बोलणं बंद. पण कायदा चालू. रोज सकाळी मावशी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, आहे थेरडी, जळतेय अजून. हिवाळाभर क्लावदियाचा धूर सगळ्यांच्या आधी. बर्फ वितळल्यावर पावाची गाडी आली, क्लावदिया पाव घ्यायला बाहेर आली नाही, तेव्हा गाडीवाला आत गेला. जिल्ह्याचा डॉक्टर म्हणाला, की बाई नाताळच्या सुमारासच गेली. अंगणातल्या छपरीतलं सरपण होतं तसंच होतं. वरची ओळसुद्धा हललेली नव्हती.

मी मावशीकडे गेले. ती ओरडली, की कुझ्माची जीभ लोणच्यात घालायला हवी. मग खाली बसली. म्हणाली, धूर दिसत होता गं. मी रोज बघत होते. एक दिवस चुकवला नाही.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, की इकडेच राहायला ये, माझ्या भट्टीवर दोघी मावतो.

मी म्हटलं, विचार करते. एवढ्या वर्षांनी कुणी ये म्हटलं, आणि मी संपादकांना द्यायचे तेच उत्तर दिलं.

पण एक ठरवलं. धुरावर भरवसा नाही. मावशी रोज सकाळी घळीच्या काठावर येऊन हाक मारणार, आणि मी ओ द्यायची. ओ आली नाही तर कुऱ्हाड.

२२ नोव्हेंबर

सांगायला लाज वाटते, पण हे दिवस चांगले चाललेत.

मावशी येते, शाल गुंडाळते आणि घळीपलीकडून ओरडते: ए पेपरबाई, मेलीस का जिवंत? मी पायरीवर उभी राहून ओरडते, की अजून वेळ आहे, तू रांगेत माझ्या पुढे आहेस. ती मला मुडदुशी म्हणते. मी तिच्या शालीला तंबू म्हणते. काका आतूनच ओरडतो, की दोघी गप्प बसा, कोंबड्या अंडी देईनात.

तिच्याकडे राहायला जायला हवं, कळतं. पण तिच्या घरात राहिले, तर मला हाक कोण मारणार?

भट्टी मी रोज पेटवते. वर काय चाललंय ते बघत नाही. काल वाटलं, मावशीची हाक आली आणि मी तोंड उघडायच्या आधीच माझ्या बाजूला कुणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी घेतात तसा.

२७ नोव्हेंबर

रस्ता बंद. पावाची गाडी आता येत नाही.

मी आज ओ दिली ती जरा वेगळी दिली, बघावं म्हणून. घसा खरवडून, काकासारखी. मावशी हसली.

नंतर आत काम करताना मागच्या खोलीतून कुणीतरी तसंच, घसा खरवडून — हळू. दोनदा. दुसऱ्यांदा जास्त बरोबर.

ठरलं. रविवारी मावशीकडे जाते. गाठोडं बांधलं. हाकेचं मरो.

१ डिसेंबर

रविवार. मावशीची हाक झाली, मी ओ दिली. दुपारी येते, असं सांगायचं राहिलं. म्हटलं, गाठोडं घेऊन थेट दारात उभी राहीन, तिचा चेहरा बघण्यासारखा होईल.

तिच्यासाठी चार ओंडके न्यावेत म्हणून सरपणाच्या छपरीत गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं. ओंडका काढला आणि सगळी रास अंगावर आली.

पाय घोट्याच्या वर मोडलाय. दिसतंय. सरपटत घरात आले. बर्फातून. कडी लावली, वारा आत येत होता. ओरडून ओरडून घसा गेला, आता नुसती हवा निघते. ओंडका एकही आणता आला नाही. भट्टी सकाळची आहे, कोमट आहे.

घाबरायचं काही नाही. उद्या ती हाक मारील. मी ओ देणार नाही. मग कुऱ्हाड.

२ डिसेंबर

भट्टी गार. विटांना हात लावला की हातातली ऊबच त्या घेतात.

खिडकीखालच्या बाकावर चढले. हिवाळ्यासाठी मीच सगळ्या फटी कापूस घालून, कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद केल्यात. दोन काचा. उघडत नाही. बाहेर ऊन, काचेवर लखलखतंय, तिकडून मी दिसत नसणार. बर्फावर घराच्या छपराची सावली, आणि तिच्यावर हलणारी एक — धुराची. भरघोस.

मावशी आली. काठावर. तोंड हललं, आवाज कापसातून आल्यासारखा. मेलीस का जिवंत.

मी गप्प. मुळात आवाजच नाही. थांब, म्हटलं मनात. थांब, काळजी कर.

आणि पायरीवरून, दाराबाहेरून, अगदी जवळून — माझ्या आवाजात —

म्हणाली, मेले असते तर धूर तुझ्याकडे वळवला असता, तुझं सरपण वाचलं असतं.

मावशी पोट धरून हसली.

मी लोखंडी भांडं घेतलं आणि त्यावर डाव आपटला. आपटत राहिले. मावशीने विचारलं, की हे काय वाजतंय? पायरीवरून ती म्हणाली, की तुझ्या नावाने भांडी घासतेय.

मावशी गेली.

वाक्य चांगलं होतं. मला इतक्या पटकन सुचलं नसतं.

३ डिसेंबर

बोटं वाकत नाहीत, दाराची कडी निघत नाही. पेन्सिल मुठीत.

आतली काच फोडली, भांड्याने. भांडं दोन काचांच्या मधे पडलं, तिथवर हात पोचत नाही — पाय —

मावशी. काकाही आहे! हातात दुधाची किटली, कापड गुंडाळलेली. हाक न मारता घळीत उतरतायत. तिला कळलं. तिला काहीतरी कळलं. काका पुढे, पायाने वाट करतोय. कुऱ्हाड नाही, चालेल, लाथेनेही दार —

या. या गं. मी तुझ्या भट्टीवर झोपते, कडेला झोपते —

थांबले.

पायरीवरून बोलतेय. माझ्याहून गोड. म्हणाली, की मावशी, चढू नकोस, गुडघे जातील, मीच संध्याकाळी गाठोडं घेऊन राहायला येते, भट्टीवर जागा ठेव.

मावशीने दोन्ही हात तोंडावर धरले. आनंदाने. ये म्हणाली, ये, आजच ये. काकाला ढकलून परत — परत चढतायत. मावशी घाईत आहे. अंथरूण घालायचं असेल.

मावशी, ती येईल. ती खरंच येईल. ओ देऊ नको — दार —

बर्फावर आता धुराची सावली नाही. थांबला. आता गरज नाही —

पायरीवर कुणी नाही. पाऊल वाजलं नाही.

कोपऱ्यातलं गाठोडं उचललं गेलं, आणि कडी तर मी आतून ला