फूल येईपर्यंत नाव नाही

मॅडम,

तुमच्या चंद्रपूरच्या घरी फ्रिज उघडला की आधी कॅक्टसची कुंडी दिसायची. दूध बाहेर ओट्यावर, पाण्याच्या परातीत. ही झाडं अँडीज पर्वतातली, बोलिवियाच्या बाजूची. हिवाळ्यात कडक थंडी लागल्याशिवाय कळी धरत नाहीत, आणि कोळशाच्या या गावात तशी थंडी कुठून आणायची, असं तुम्ही मला समजावलंत. म्हणून संध्याकाळी कुंडी फ्रिजमध्ये, सकाळी पुन्हा गच्चीवर. मला हसू येत होतं. तुम्हालाही येत असावं, पण तुम्ही ते दाबलंत आणि मला बिनदुधाचा चहा दिलात, कारण तेवढ्यात परातीतलं दूध नासलं होतं.

त्याआधी वर्गात तुम्ही मला उभं केलं होतं. प्रत्येकाने आपल्या गावचं एक झाड आणायचं होतं. मी माझ्या गावाहून, मूलहून, आमच्या बांधावरची थोराची फांदी आणली आणि कॅक्टस म्हणून टेबलावर ठेवली. तुम्ही नखाने साल खरवडलीत, पांढरा चीक ओघळला. "हा कॅक्टस नाही, एरंडाच्या कुळातला आहे. काटे बघून कूळ ठरवायचं नसतं." वर्ग हसला. वसतिगृहात पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारून घेतल्यावर खोलीतल्या मुलींनी आपापल्या खाटा लांब सरकवल्या होत्या, त्यामुळे तो कूळ शब्द मला भलत्याच जागी लागला. मी खाली मान घालून बसले. तुम्ही ते पाहिलं असणार. तास संपल्यावर काही न विचारता म्हणालात, घरी ये, खरा कॅक्टस दाखवते.

तो तुमच्या मैत्रिणीने कालिम्पाँगच्या एका रोपवाटिकेतून आणला होता. त्याच्या नावाची चिठ्ठी वाटेत कुठेतरी पडली होती. नुसतं खोड बघून प्रजाती सांगता येत नव्हती. फूल आखूड नळीचं, रंगीत आणि दिवसा उमलणारं निघालं तर लोबिविया, लांब नळीचं, पांढरं आणि रात्री उमलणारं निघालं तर एकिनॉप्सिस. लोबिविया म्हणजे बोलिवियाचीच अक्षरं उलटसुलट केलेलं नाव, हे सांगताना तुम्ही लहान मुलीसारख्या खूश झाला होतात. पण कुंडीवरची पाटी तुम्ही कोरीच ठेवलीत. फूल येईपर्यंत नाव नाही, म्हणालात. ते फूल तुमच्याकडे कधीच आलं नाही.

बी.एस्सी. झाल्यावर मी पुढे शिकायला नागपूरला जाणार नाही असं घरात ठरलं. बाबा नव्हते, आई राइस मिलमध्ये कामाला जायची, आणि मुलगा पाहून ठेवला होता. तुम्ही न कळवता बसने मूलला आलात. मी अजून ते बघते आहे: तुम्ही आमच्या चुलीजवळ पाटावर बसल्या आहात, भात आणि लाखोळीचं वरण जेवता आहात, आणि विषयच काढत नाही आहात. शेवटी आईनेच काढला.

"बाई, पोरगी झाडाझुडपाचं शिकून पोट भरन का?"

मला वाटलं, आता तुम्ही नोकरीचं, पगाराचं सांगाल. तुम्ही पाणी प्यायलात आणि म्हणालात, "मला नाही माहीत. पण ती अजून पुरती दिसलीये कुठे कुणाला? थोडं थांबून बघू या."

आईने चुलीतली राख सारली. मग म्हणाली, "तं थांबतो मंग."

निघताना तुम्ही त्या कॅक्टसच्या बुडाशी फुटलेलं एक पिल्लू वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं मला दिलंत. नागपूरला मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. मला उशिरा कळलं. मी चंद्रपूरला आले तेव्हा तुमच्या घराला कुलूप होतं, आणि गच्चीवरच्या कुंड्या उन्हाळ्याने संपवल्या होत्या. उरलं ते माझ्याकडचं पिल्लू.

आता मी कोरचीला शिकवते. गेल्या हिवाळ्यात आई पडली, खुबा मोडला. शाळेतून रजा काढून मी मूललाच राहिले आणि कुंडी इकडे गच्चीवर विसरले. कोरचीची थंडी तुम्हाला माहीत आहे, सकाळी गवत पांढरं दिसतं. परतले तेव्हा झाड सुरकुतून मुठीएवढं झालं होतं. फेकणारच होते, पण थोडं पाणी घातलं. होळीच्या सुमाराला त्याच्या कुशीत राखाडी लोकरीचे दोन गोळे दिसले, आणि एका सकाळी त्यातला एक उघडला. आखूड नळी, नारिंगी लाल. शाळेतल्या मुली बघायला आल्या. एकीने विचारलं, "मॅडम, याचं नाव का आहे?"

तुमच्या हिशोबाने लोबिविया. पण तुमच्यानंतर पुष्कळ घडलं. लोबिविया मोडून एकिनॉप्सिसमध्ये घातली गेली. जनुकं तपासल्यावर दिसलं की दिवसाचं फूल आणि रात्रीचं फूल एकाच घरात पुन्हा पुन्हा निघतं. त्यावरून नातं ठरत नाही. आता काही जण लोबिविया परत वेगळी काढू म्हणतात. भांडण चालू आहे. तुम्ही यात रमला असतात. मुलीला मी एवढंच म्हणाले, अजून ठरायचं आहे.

मग आईला फोन केला. तिचं आता विसरणं वाढलं आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाईले कळवलं का?" मी हो म्हणाले. म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, तरी.

एक मात्र सांगते. खात्री करायला फूल उभं कापून आत पुंकेसर कसे बसले आहेत ते पाहायला हवं होतं. तुम्ही आधी ब्लेड मागितलं असतंत. माझ्या हातात ब्लेड होतं, मॅडम. दुपारी फूल आपणहून मिटेपर्यंत मी ते न कापता तशीच बसून राहिले.