किबालेच्या रानातली आई

गोरेगाव, ता. सेनगाव

प्रिय आकांक्षा,

सप्रेम जयभीम. फोनवर तू 'हं' आणि 'बरं'च्या पुढे जात नाहीस, म्हणून कागद घेतला. खरं तर हट्ट्याला तुझ्या सासरीच येणार होते, पण गुडघे अजून सुजलेत. परवा सेनगावला जीपमध्ये चढताना दोन बायकांनी मला वर ओढलं. सगळा प्रताप तुझ्या भावाचा. आईला हौसेने युगांडात बोलावून घेतलं आणि पाहुणचार काय केला प्रमोदने, तर चिंपांझी बघायला रानात नेलं!

बाळ गेल्यापासून तुला सोडून कुठे जायचं माझ्या मनात नव्हतं. तूच जा म्हणालीस. पण विमानातसुद्धा मला तूच दिसत होतीस, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

किबाले म्हणतात त्या रानाला. मी पँट घातली होती, हे हट्ट्यात कुणाला सांगू नकोस. चिखल असा, की पाय उचलला की बूट तिथेच. मुळांना धरून चढायचं, वेलींना धरून उतरायचं, वर तोंडाला मास्क, कारण आपली सर्दी चिंपांझींना लागली तर ते मरतात. एका चढावर मी बसलेच. म्हटलं, तुम्ही जा, परतताना मला उचलून न्या. पुढे चालणारी वाटाडी बाई हसली आणि हात देऊन उभी राहिली.

तेवढ्यात रान ओरडलं. एक हाक उठली, तिला लांबून दुसरी, मग चहूकडून. झाडांच्या रुंद मुळांवर ते हातापायांनी धडाधड थापा मारतात, आणि तो आवाज माझ्या छातीत वाजत होता. दुखणं कुठल्या कुठे गेलं. मी पळाले गं, या वयात!

आणि मग दिसले. उंबरासारखी फळं खात बसले होते. त्यांचे हात बघायला हवे होतेस तू. नखं, पेरं, तळव्यावरच्या रेषा, सगळं आपलंच. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. कोण आलंय ते नीट बघून घेतलं आणि पुन्हा खायला लागला. माझे हात आपोआप जोडले गेले.

पण सवय वाईट. त्यांचं एक पोरगं डोक्यावरची फांदी कडाकडा मोडत आलं आणि तुरीत वानरं शिरल्यावर ओरडतो तशी मी ओरडले, "हुर्रर्र! हाट!" वाटाड्या बाईने कपाळाला हात लावला. प्रमोदला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. सगळा कळप उठून चालू लागला. माझ्यामुळे सगळ्यांचं हुकलं म्हणून मला रडू यायचंच बाकी होतं.

एक मादी तेवढी मागे राहिली. हळूहळू झाडावरून उतरली. पाठीवर लेकरू होतं. निजलंय वाटलं, पण त्याचा हात नुसता लोंबत होता. सुकून गेलं होतं गं ते. तिने त्याला मांडीवर घेतलं, माशा हाकलल्या, केस सारखे केले. पुढे गेलेले सगळे थांबले. कुणी तिला ओढलं नाही, कुणी लेकरू हिसकलं नाही. एक म्हातारी मादी मागे आली, तिला टेकून बसली आणि तिच्या पाठीचे केस विंचरू लागली. ती उठली तेव्हाच सगळे उठले. वाटाडी बाई म्हणाली, काही आया असं कितीतरी दिवस वागवतात, मग कधीतरी आपल्या हाताने खाली ठेवतात. हे मला प्रमोदने मराठीत सांगितलं.

आता हे पत्र का, ते सांगते. मी निघण्याआधी तुझ्या सासूबाईंचा, केशरबाईंचा फोन आला होता. "विहीणबाई, आता तुमीच समजावा. लेकराची झोळी सोडूच देऊन न्हाई राहिली. रिकामी झोळी घरात बरी न्हाई." त्या वाईट नाहीत, त्यांचंही नातवंड गेलंय. परत आले की तुला समजावून लिहीन, असा शब्द मी त्यांना दिला होता. ते हेच पत्र. आणि त्यात मी लिहिते आहे, की झोळी राहू दे. तुला वाटेल तेव्हा तुझ्या हाताने सोड. केशरबाईंनाही हे वाचून दाखव. सूज उतरली की मी येते आणि तुझ्याजवळ बसते. तू उठशील तेव्हा आपण उठू.

तुझीच,
आई