ओ देण्याचं काम

३ नोव्हेंबर, जवळा बाजार

आलो बुवा एकदाचा! लातूरहून मोटारसायकल हाकत आलो, मागे गादीची वळकटी, पुढे टाकीवर स्टोव्ह, आणि बॅगेत पाचशे छापील कार्डं. 'वैजनाथ आहे ना! तुमची कामे, आमची धावपळ.' खाली माझा नंबर. शीतल म्हणाली, घरी दूध आणायचं लक्षात राहत नाही आणि निघालेत गावाची कामं करायला. बायकोच ती, बोलणारच. पण आठ वर्षं मी एका बिल्डरसाहेबांचा हरकाम्या होतो. त्यांच्या पोरांच्या ॲडमिशनपासून मॅडमच्या हरवलेल्या चपलेपर्यंत सगळं मी निस्तरलं. तेच आता स्वतःच्या नावावर करायचं.

पुनमचंद यांच्या भांड्यांच्या दुकानावरची खोली मिळाली. त्यांना धंदा समजावून सांगितला, तर ते मनापासून हसले. "इथं पोरं काम न्हाई म्हणून बोंबलतेत, अन् तुमी म्हणता लोकायला येळ न्हाई!" असो. महिनाअखेर शीतल आणि आमची राजनंदिनी इकडे येतील. चार वर्षांची पोर, मी घरात नसलो की जेवताना रडते. तोवर बस्तान बसवायचंच.

५ नोव्हेंबर

पुनमचंद यांचं हसू बंद पाडलं. दोन दिवसांत सहा गिऱ्हाइकं! दवाखान्यातल्या डॉक्टर जोडप्याचं दळण आणि गॅस, जिनिंगवाल्या शेठच्या आईचा चष्मा, एका गुरुजींचा सेतू केंद्रातला दाखला. गुरुजींसाठी दोन तास रांगेत उभा राहिलो आणि पुढच्या माणसाची अख्खी सोयरीक ऐकली. पाय दुखतायत, पण मजा येतेय. मी कुणालाच नाही म्हणत नाही, हीच माझी खासियत.

७ नोव्हेंबर

आजचं काम जगावेगळं. सकाळी भागवत नावाच्या माणसाचा फोन आला. पुण्यात कंपनीत आहे म्हणाला. आई, पद्माबाई, शिरड शहापूरच्या शिवारात मळ्यातल्या घरी एकटी. डोळ्यांनी दिसत नाही. शेजारच्या आशाबाई भाकरी-भाजी आणून ठेवतात, पण म्हातारी रोज भर बारा वाजता लेकाला हाक मारते आणि लेकाने ओ दिल्याशिवाय घास घेत नाही. तर मी रोज तिथे जायचं, ओसरीवर बसायचं, आणि तिने हाक मारली की ओ द्यायची. बस्स. "लई तकलीफ न्हाई," तो म्हणाला. आवाज थकलेला वाटला.

गेलो. सारवलेली ओसरी, भोवती कापूस फुटलेला, पलीकडे तूर. आशाबाई टोपलं ठेवून लगबगीने निघाल्या होत्या. कानांवरून पदर गच्च आवळलेला. थंडी तर नाही, म्हटलं दाढ दुखते की काय. बाराला आतून हाक आली, "भागवतऽ, आला का रे बाबा?" मी म्हणालो, "ओ." म्हातारीचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. पोटभर जेवली.

१० नोव्हेंबर

पद्माबाईंकडे जाणं आता दिवसातलं सगळ्यात आवडतं काम झालंय. त्या माझा हात चाचपतात, वाळलास म्हणतात, भाकरीचा पापुद्रा काढून देतात. माझी आई मी नववीत असताना गेली. असं कुणी वाळलास म्हटलेलंच नाही.

आज त्यांनी विचारलं, लेकरूबाळ काय रे तुला? मी लेकाच्या भूमिकेत होतो, तरी तोंडातून खरं तेच निघालं. पोरगी आहे, राजनंदिनी. भागवतला मूल आहे की नाही कोण जाणे! नाव त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं आणि लई गोड हाय म्हणाल्या. पुण्याला फोन करून भागवतला सांगावं म्हटलं, तर नंबर बंद.

१३ नोव्हेंबर

पुनमचंद जिना चढून वर आले आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. खालून दहा हाका मारल्या म्हणे, ऐकू येत नाही का. मी जागाच होतो, खिडकीही उघडी होती. एकही हाक ऐकली नाही. दुपारी बाजारात गुरुजींनी नावाने हाक मारली म्हणे, मी सरळ पुढे निघून गेलो. ते रागावलेत.

शीतलचा फोन आला. पलीकडे नुसती शांतता. मी हॅलो हॅलो करून थकलो. मग तिचा मेसेज: मी इतकी ओरडतेय, तुम्ही काय चेष्टा लावलीय? उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जातो.

१४ नोव्हेंबर

कान ठणठणीत आहेत. डॉक्टर जे जे म्हणाले ते सगळं ऐकलं. फक्त बाहेर बसलो असताना कंपाउंडरने माझं नाव पुकारलं ते ऐकलं नाही. माझा नंबर गेला.

व्हिडिओ कॉल केला. राजनंदिनीचे ओठ दिसले, पप्पा, पप्पा. आवाज नाही. मी हसून हात हलवला आणि फोन ठेवून रडलो.

१५ नोव्हेंबर

आज आशाबाईंना वाटेतच गाठलं. त्यांनी मळ्याकडे वळून पाहिलं. पदर सोडला तर कानात कापसाचे बोळे. ते काढून म्हणाल्या, भागवत पुण्याला कधी गेलाच नव्हता. नऊ वर्षं याच घरात होता. बाजाराला नाही, लग्नकार्याला नाही. म्हातारीची हाक आली की असेल तिथून परत यायचा. बायको माहेरी गेली, तिच्या हाका त्याला ऐकूच जायच्या नाहीत. लोक म्हणायचे, लेक असावा तर असा. मला फोन केला तो मागच्या खोलीतून. मी पहिल्यांदा ओ दिली आणि तो मागच्या दाराने पिशवी घेऊन पळाला, मागे वळून न बघता.

मी विचारलं, मला आधी काहून नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "मलेबी लेकरं हायेत, बाबा. कुणीतरी ओ द्यायाच पायजे. न्हाई दिली तं ते माय नाव बदलून हाका मारते." एवढं बोलून त्यांनी बोळे परत घातले.

यावर विश्वास ठेवायचा का? मी शिकलेला माणूस आहे.

१७ नोव्हेंबर

सकाळी आठलाच निघालो. मोटारसायकल मुद्दाम ठेवून दिली, म्हटलं एसटीत बसलो की आपल्या हातात काही राहत नाही. परभणी गाठली, तिथून लातूरची गाडी धरली. शीतलला मेसेज केला, येतोय.

बाराला गाडी भरधाव होती, खिडकीशेजारी बसलो होतो. हाक आली. कानाशी नाही, लांबूनही नाही. बसल्या जागी आली. भागवतऽ. मी दात आवळले. तरी माझ्याच तोंडातून ओ निघाली, इतकी मोठी की कंडक्टरने वळून पाहिलं. पुढच्या फाट्यावर उतरलो. मी उतरत नव्हतो, पाय उतरत होते.

संध्याकाळी मळ्यात पोचलो. पद्माबाई म्हणाल्या, उशीर झाला रे आज.

१८ नोव्हेंबर

खोलीवर जाता येत नाही. मळ्याजवळच्या ओढ्यापर्यंत जातो, मग वळतो. फोनला रेंज आहे, पण घरच्यांचा आवाज येत नाही. माझ्या नावाचा मेसेज आला तरी क्षणभर कळत नाही हा वैजनाथ कोण.

शीतलला लिहिलं, येऊ नकोस. काहीही झालं तरी राजनंदिनीला इकडे आणू नकोस. तिने लिहिलं, मग पोलिसात जाऊ का? काय सांगशील, लिहिलं मी. म्हातारी जेवायला बोलावते म्हणून?

१९ नोव्हेंबर

म्हातारीचा राग येत नाही हेच भयंकर आहे. हात धुवायला पाणी देते. डोक्यावरून हात फिरवते. तिला तिचा लेक हवा, एवढंच.

मलाही माझी लेक हवी.

भागवतने केलं तसं करता येईल. काम आहे सांगून कुणाला तरी इथे ओ द्यायला बोलवायचं. डॉक्टरांच्या धुणेवालीचा मुलगा परवा काम मागत होता. नंबर दाबला. रिंग गेली. बंद केला.

नाही जमत.

२० नोव्हेंबर

ठरलं. उद्या ओ द्यायची नाही. तोंडात उपरणं कोंबायचं. एक दिवस तुटलं तर कदाचित सगळंच—

आशाबाई काय म्हणाल्या होत्या, नाव बदलून. कुणाचं नाव? या मळ्यात दुसरं आहे कोण.

२१ नोव्हेंबर

पावणेबारा. ओसरीवर. धीर यावा म्हणून घरी व्हिडिओ कॉल लावून फोन खांबाला टेकवलाय. राजनंदिनी खुर्चीवर बसून वरण-भात खातेय. मागे शीतल ओट्याशी. आवाज नाही. पाहत राहिलो तर हे जमेल.

उपरणं कोंबलं. लिहीत राहतो, हात गुंतलेले बरे.

बारा. हाक आली. भागवतऽ. घसा फाटतोय— नाही दिली.

परत. नाही दिली.

परत. नाही. नाही दिली! थांबली. शांत झाली. सुटलो का मी? शीतल, मी—

आत काहीतरी पुटपुटतेय. आठवून बघतेय. तीनदा म्हणून बघतेय. अरे देवा, मीच सांगितलं होतं, मीच—

"राजनंदिनीऽ, ये गं बाई, जेवाय ये."

तिकडे तिने मान वर केली. दाराकडे बघतेय. घास हातात तसाच.

ओ.

फोनमधून आली. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या लेकीचा आवाज ऐकू आला. ऐकू आला म्हणजे ती इकडची—

उपरणं काढलं. ओरडलो, ओ, आई, मी हाय, भागवत हाय, तिला नको, मी कायमचा— म्हातारी म्हणते, व्हय, तू तं हायेसच.

आत दोन ताटं वाजली.

खुर्ची रिकामी आहे. शीतल अजून ओट्याशीच, पाठ इकडे. शीतल, मागे बघ. शीतल, दार. तिला माझा आवाज जातो, रोज जातो, मग आज का वळत— शीतल, अगं ती चप्पल घालून