मामांच्या रेंजफाइंडरबद्दल शेवटचं

तर मामा, हेडमास्तरांच्या निरोप समारंभाच्या त्या छत्तीस काळ्या फोटोंचा दोष माझा नव्हता, तुमच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा होता, हे मी तिसऱ्यांदा लिहितोय. (नमस्कार राहिला, तो घ्या. मामीचे गुडघे कसे आहेत ते कळवा.) ज्या कॅमेऱ्यात बघायचं बाजूच्या खिडकीतून आणि फोटो निघतो भिंगातून, त्यात भिंगावर झाकण राहिलं तर माणसाला कळणार कसं? मला खिडकीतून हेडमास्तर, त्यांची कवळी, मागचा पंखा, सगळं लख्ख दिसत होतं. तुम्ही चारचौघांत मला आंधळा म्हणालात. आंधळा तो कॅमेरा. जवळून घ्यावं तर कपाळ कापतो, लांबून घ्यावं तर माणूस पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि तुम्ही त्याला जावयासारखं जपता.

इथे स्टुडिओत मला एसएलआर मिळालाय. आत आरसा असतो, त्यामुळे भिंगाला दिसतं तेच आपल्याला दिसतं. झाकण राहिलं तर अंधार, गाढवालाही कळतं. (तुमचा टोमणा मीच मारून ठेवला.)

परवा मालकाने नाटकाचे फोटो काढायला धाडलं. नवरा खाटेवर शेवटच्या घटका मोजतोय, बायको उशाशी गप्प, सभागृहात कुणी खोकतसुद्धा नाही. मी बटण दाबलं. आरसा असा खटॅक करून उडाला की मरणाऱ्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी आणखी दोन काढले, कारण आरसा उडाला की क्षणभर आपल्याला काही दिसत नाही, आणि बाईंच्या डोळ्यांतलं पाणी नेमकं त्याच क्षणी ओघळत होतं. (ही खोड आहे, दोष नाही.) तिसऱ्या खटक्याला बाई उठून म्हणाल्या, "तुमचं सुतारकाम उरकलं की सांगा दादा, मग मरतील हे." लोक हसले, नवराही हसला. नंतर त्याला मेलेला मानायला कुणी तयार होईना.

तरी एसएलआरच श्रेष्ठ. निदान काम करतोय हे ऐकू येतं. तुमचा तो मुखदुर्बळ.

तुमचा (निदान पत्रात) आज्ञाधारक भाचा

ता. क. शनिवारी तोच प्रयोग परत आहे. मालक म्हणाला, एक जरी आवाज झाला तर सोमवारी येऊ नकोस.

ता. क. दुसरा. निघताना मी तुमच्या टेबलावर आपटलेला कॅमेरा चालत असेल तर शुक्रवारच्या आत पाठवा. तो आवाज करत नाही आणि बटण दाबतानाही माणूस दिसत राहतो, हे मी कधी नाकारलं होतं? मामीला सांगू नका. कुरिअरचे दोनशे आणि त्याच्या विम्याचे पाचशे, असे सातशे पाठवतोय.